सौम्यता मर्जीत नको, नियमात हवी



आजचा दिवस तुम्हा विद्यार्थ्यांच्या कौतुकाचा, तरी मी शिक्षेविषयी बोलणार आहे. कारण पुढे घरात, कचेरीत, कदाचित न्यायासनावरही दुसऱ्याच्या चुकीचा निवाडा करायची वेळ तुमच्यावर येणार आहे. गुन्हे वाढले की कडक शिक्षेची मागणी होते. पण शिक्षा कडक केली की धाक वाढतोच, असं नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फाशी होती. आरोपीचा जीव वाचावा म्हणून ज्यूरी त्या मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवत. कायदा इतका क्रूर, की तो पाळायला न्याय करणारेच कचरत. इटलीच्या बेकारिया या विचारवंताने १७६४ मध्ये हेच बजावलं होतं: शिक्षा सौम्य असली तरी चालेल, ती टळता कामा नये.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, सौम्यतेचा फायदा वजनदार माणसांनाच मिळतो. हा धोका खरा आहे. म्हणूनच सौम्यता कुणाच्या मर्जीवर न सोडता नियमात बांधली पाहिजे. आपल्या १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात तशी सोय आहे. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी २१ वर्षांच्या आतला असेल, तर न्यायालयाने त्याला सहसा तुरुंगात पाठवायचं नाही. पाठवलंच तर कारणं लेखी नोंदवायची. म्हणजे खुलासा द्यायचा तो कठोरतेने. दुसरा आक्षेप, मग ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? सुटका करताना दोषीला नुकसानभरपाई द्यायला लावण्याचा अधिकार हाच कायदा न्यायालयाला देतो. नुसत्या कैदेने फिर्यादीच्या हाती काय पडतं?

गंभीर गुन्ह्याला कैद हवीच. पण तिथेही माणूस सुधारण्याची वाट बंद करू नये. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तिथे उंच भिंतींविना, कुटुंबासह राहून शेती करत आले आहेत. त्यांचा गुन्हा कुणी पुसला नाही. जबाबदारीने जगायची संधी दिली. तेव्हा मित्रांनो, निवाडा करताना गुन्ह्यावर पांघरूण घालू नका, पण शिक्षा गरजेपेक्षा तसूभरही जास्त देऊ नका. आणि जी सवलत आपल्या माणसाला द्याल, तीच परक्यालाही द्या.