अँटिबायोटिक आणि आपल्या रोजच्या गोळ्या

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी फुलं येतात, दुपारी राजकारण येतं आणि रात्री नऊनंतर मला एकट्याला मेसेज येतो, "घसा धरलाय, कोणती अँटिबायोटिक घेऊ?" मी सोलापुरात मेडिकल चालवतो, तेव्हा विचारणं साहजिक आहे. मी उलट विचारतो, "रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?" उत्तर येतं, "त्याचा काय संबंध?" आज तो संबंध सांगायला उभा आहे.

दहावीला होतो तेव्हा आपल्यात रोजची गोळी कुणालाच नव्हती. आता बीपी, शुगर, थायरॉईड, कोलेस्ट्रॉल, गुडघे, कंबर, सगळं आहे. शुगर दाखवायला आपण सोलापूरला जातो, कंबरेला कुणीतरी सांगितलेल्या तिसऱ्याच गावी, आणि ताप आला की गावातल्या डॉक्टरांकडे. हायवे दारातून जातो, त्यामुळे आपण अणदूरकर डॉक्टर बदलायला कंटाळत नाही. आपला खंडोबासुद्धा अणदूर आणि नळदुर्ग अशा दोन ठिकाणी राहतो, पण देव कधी कुठं आहे हे दोन्ही गावांना पक्कं ठाऊक असतं. आपल्या गोळ्यांचं तसं नाही. एका डॉक्टरांनी काय दिलंय ते दुसऱ्यांना माहीत नसतं, आणि आपण सांगत नाही.

सोप्या गोष्टीपासून सुरू करतो. आपल्याकडे म्हणतात, अँटिबायोटिक उष्ण पडते, दुधासोबत घ्या. अमॉक्सिसिलिन असेल तर हरकत नाही. पण सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधासोबत घेतली तर दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं आणि औषधाचा साधारण तिसरा हिस्सा रक्तात पोचतच नाही. अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषध, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत नुकसान त्याहून पुष्कळ जास्त. डॉक्सीसायक्लिनचंही असंच. मग पाच दिवसांनी पेशंट म्हणतो, "गुण आला नाही, जरा भारी लिहून द्या." औषध हलकं नव्हतं, ते पोचलंच नव्हतं. सिप्रो अशा गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची, एवढंच करायचं असतं. घरातल्या गरोदर सुनेला आणि शाळेतल्या मुलींना लोहाच्या गोळ्या चालू असतात, तेव्हा हे घरी जाऊन सांगा.

हा झाला औषध वाया जाण्याचा प्रकार. आता जिवावर बेतणारा.

बरीचशी औषधं लिव्हरमधून जाताना मोडली जातात. टोलनाक्यासारखं समजा. गाड्या येतात, एकेक करून पुढं जातात. काही अँटिबायोटिक त्या नाक्याच्या खिडक्याच बंद करतात. मग मागं रांग लागते, म्हणजे रोजची जी गोळी घेता ती रक्तात साठत जाते. गोळी तुम्ही एकच घेतलेली असते, शरीराला मात्र अनेक गोळ्या घेतल्यासारखं होतं.

कंबरदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत वेदनाशामकासोबत टिझानिडिन मिसळलेलं असतं, स्नायू सैल करणारं. त्यासोबत सिप्रो सुरू केली तर रक्तातलं टिझानिडिन सरासरी दहा पटींवर जातं, हे निरोगी माणसांवर मोजून पाहिलेलं आहे. बीपी एकदम खाली येतो, ग्लानी येते. ही जोडी द्यायचीच नाही असा स्पष्ट नियम आहे. तरी माझ्या काउंटरवर ती येते. साठीचे एक गृहस्थ लघवीच्या जळजळीसाठी सिप्रोची चिठ्ठी घेऊन आले होते. पिशवी उघडायला लावली, तर कंबरेच्या गोळ्यांची पट्टी निघाली, दुसऱ्या डॉक्टरांची. मी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच औषध बदलून दिलं. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या. दम्याच्या डेरिफायलिनचंही सिप्रोशी असंच वाकडं आहे. त्यात छातीत धडधड, उलट्या, वेळेला झटकेसुद्धा येतात.

शुगरवाल्यांनी आता जरा कान द्या, हात वर केले तर निम्मी बॅच निघेल. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या ६६ वर्षांपुढच्या लोकांच्या नोंदी तपासून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे आपली जुनी डाओनिल, घेणारे जे लोक शुगर फार उतरून इस्पितळात आले, त्यांनी आधीच्या आठवड्यात सेप्ट्रानच्या जातीचं औषध घेतलेलं असण्याची शक्यता इतरांपेक्षा सहा पटींहून जास्त होती. हृदयाची डिगॉक्सिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या जोडीत तो आकडा सुमारे बारा पट निघाला. सिप्रो, लिव्होफ्लॉक्सासिन यांनीही शुगर एकदम उतरते. गॅटिफ्लॉक्सासिन तर शुगर वरखाली करते म्हणून आपल्या सरकारने २०११ मध्ये बंदच केली. म्हणून अँटिबायोटिक चालू असताना घाम फुटला, हात थरथरले, तर "तापाने अशक्तपणा आलाय" म्हणून पडून राहू नका. आधी साखर तोंडात टाका, मग शुगर तपासा.

सेप्ट्रानचं आणखी एक. बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल घेणाऱ्यांच्या रक्तात तिच्यामुळे पोटॅशियम वाढू शकतं. त्याचा त्रास आतल्या आत होतो, आणि एकदम हृदयाची लय बिघडते. किडनी आधीच थकलेली असेल तर जास्तच. सांधेवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तर सेप्ट्रानपासून लांबच राहावं, रक्तातल्या पेशी तयार होणंच थांबतं.

कोलेस्ट्रॉलच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन आली की स्नायू दुखतात, क्वचित विरघळायलाही लागतात आणि किडनीवर ताण येतो. अ‍ॅसिडिटीसाठी आपण पेढ्यासारखी खातो त्या पॅन-डीमधलं डोम्पेरिडोन क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनसोबत घ्यायचं नसतं, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हृदयाची झडप बदललेले, अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिनवर असलेले कुणी घरी असतील, तर मेट्रोनिडाझोल किंवा सेप्ट्राननंतर हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतंय का बघा आणि लगेच तपासणी करा. आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नको. हे कुणाला उद्देशून आहे ते त्याला कळलं असेल.

काही जणी विचारतात, अँटिबायोटिकने माला-डी निकामी होते का? साध्या अँटिबायोटिकने होते असं सिद्ध झालेलं नाही, उगाच घाबरू नका. क्षयाच्या उपचारातली रिफाम्पिसिन मात्र खरोखर निकामी करते. ती नाक्याच्या खिडक्या वाढवते, गोळी भराभर मोडून जाते. क्षयाचा उपचार चालू असलेल्या सुनेला, लेकीला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

एक सावधगिरी. माझं ऐकून कुणी घरी जाऊन बीपीची गोळी बंद करू नका, अँटिबायोटिक अर्धवट सोडू नका. बदल डॉक्टर करतील. त्यांच्याकडे जवळजवळ नेहमी दुसरा पर्याय असतो.

१ मार्च २०१४ पासून आम्हा मेडिकलवाल्यांना 'एच-१'ची वही ठेवावी लागते. त्यात क्षयाची औषधं आणि बऱ्याच भारी अँटिबायोटिक येतात. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, असं सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. चांगला नियम आहे, मी पाळतो. पण त्या वहीत एक रकाना नाही, या माणसाला आधीच काय चालू आहे याचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तो बहुधा रिकामा असतो.

हा रकाना भरायला घर ओळखणारं माणूस लागतं. आपल्याच अणदुरात डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' तयार केल्या. कमी शिकलेली बाई औषधाचं काय बघणार, अशी शंका घेणारे होते. पण सासूला कोणती गोळी चालू आहे आणि सुनेला कालपासून काय दिलंय, हे एकाच माणसाला माहीत असणं ही मोठी गोष्ट आहे. शहरातल्या भल्या इस्पितळात ते जमत नाही. आज आशाताईंकडून तेवढं काम होऊ शकतं, जर आपण पिशवी त्यांना दाखवली तर.

काही दुष्परिणाम झालाच, तर तो कळवायला सरकारी नंबर आहे, १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. पेशंटलाही कळवता येतं, डॉक्टरच असायला हवं असं नाही.

आता स्वयंपाक झालाय असा निरोप आलाय. ज्यांनी गोळ्यांच्या पिशव्या सोबत आणल्यात, त्यांनी जेवण झालं की मंडपात माझ्याकडे या. गुरुजी आणि बाई, तुमचा नंबर पहिला. एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं लिहून देतो, खिशात मावेल एवढ्या अक्षरात. माझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, पण बायकोला सोबत आणलंय, ती लिहील.