घड्याळ कोणाचे, परवाना कोणाचा?



कार्यालयात नवा संगणक येतो. त्यावर कार्यप्रणाली बसवण्यासाठी एखादा जाणता कार्यकर्ता पुढे सरसावतो आणि यंत्र त्याला दोन प्रश्न विचारते. पहिला, कालविभाग कोणता? दुसरा, परवान्याच्या अटी मान्य आहेत काय? रत्नागिरीत बसलेला हा कार्यकर्ता पहिल्या प्रश्नाला यादीतले ‘कोलकाता’ निवडतो आणि दुसऱ्याला न वाचताच होकार देतो. दोन्ही प्रश्न तांत्रिक भासतात. वस्तुतः दोन्ही सत्तेचे आहेत.

रत्नागिरी सुमारे ७३.३ अंश पूर्व रेखांशावर वसली आहे, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून ठरते. एका अंशामागे चार मिनिटे, या हिशेबाने रत्नागिरीचा सूर्य घड्याळाच्या सरासरी ३७ मिनिटे मागे चालतो. तात्पर्य, घड्याळातील वेळ निसर्गदत्त नाही, ती माणसांनी ठरवलेली आहे. आणि जे माणसांनी ठरवले, ते कोणी व कोणाला विचारून ठरवले, हे विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे.

मुंबईने तो प्रश्न विचारला होता. १ जानेवारी १९०६ पासून ब्रिटिश सरकारने प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या हजारो कामगारांनी या बदलाविरुद्ध काम बंद केले. गिरणीचे काटे पुढे सरकणे म्हणजे पहाटे तितकेच लवकर उठणे, हे कळण्यासाठी त्यांना भूगोलाच्या पुस्तकाची गरज नव्हती. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवण्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा केवढा मोठा होता, हे येथे निराळे सांगायला नको. शहरात ‘मुंबई टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिला.

पुढे प्रमाणवेळ सर्वांनी स्वीकारली, आणि ते योग्यच झाले. आगगाडी, शाळा, दवाखाना यांना एकच वेळ हवी. शिवाय ती वापरण्यासाठी कोणाला मोबदला द्यावा लागत नाही. जगभरच्या कालविभागांची जी नोंदसूची असंख्य संगणक आणि फोन वापरतात, तीही स्वयंसेवकांच्या श्रमांतून उभी राहिली असून सार्वजनिक मालकीची आहे. २०११ साली अमेरिकेतील एका ज्योतिषविषयक कंपनीने या सूचीतील ऐतिहासिक माहितीवर स्वामित्वहक्क सांगत दावा गुदरला. २०१२ साली तिला तो मागे घ्यावा लागला. कुठल्या गावी कधी किती वाजले होते, यावरही कुंपण घालू पाहणारे असतात, हा त्यातील धडा.

दुसऱ्या प्रश्नात हे कुंपण उघड दिसते. खासगी कार्यप्रणालीचे पैसे मोजले तरी ग्राहक तिचा मालक होत नाही. त्याला वापराची सशर्त परवानगी तेवढी मिळते. आत काय चालते ते पाहण्याची, बदलण्याची वा शेजाऱ्याला प्रत देण्याची मुभा त्यात नसते. ‘विंडोज १०’ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा धडधाकट असूनही नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी यंत्रे एका कंपनीच्या निर्णयाने जुनी ठरली.

यावर चोरून बसवलेली प्रत हा उपाय नव्हे. तो बंडाचा आव असला, तरी त्याने त्याच मालकीवरील अवलंबन वाढते. उपाय निराळा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. त्यांच्या परवान्यातही अटी आहेत. परंतु मिळालेले स्वातंत्र्य पुढच्याला नाकारू नये, ही त्यातील मुख्य अट आहे. केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग पत्करला. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली सिद्ध केली.

अडचणी आहेत. हिशेबाची काही साधने, जुने मराठी टंक तेथे चालत नाहीत, आणि शिकवणारी माणसे थोडी आहेत. परंतु हे काम शिकण्याचे व शिकवण्याचे आहे, आणि ते कार्यकर्त्यांना परके नाही. ग्रंथालय, पतपेढी, शाळा, जेथे जेथे सार्वजनिक पैशातून यंत्र येते, तेथे ‘मान्य आहे’ची कळ दाबण्यापूर्वी अटी वाचल्या जाव्यात, बैठकीत मांडल्या जाव्यात. १९०६च्या गिरणी कामगाराने मालकाच्या घड्याळाकडे पाहून जो प्रश्न विचारला, तो आजच्या सुशिक्षिताने पडद्याकडे पाहून विचारला, तरी पुरे.