सहकाऱ्याचा सेवाभाव कसा टिकेल ?

(केंद्रातील मुख्याध्यापकांच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेपुढे हजेरी, दफ्तर, शालेय पोषण आहार असे अनेक विषय आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी असलेल्या एका प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. आपल्याबरोबर काम करणाऱ्या शिक्षकाची कामावरील निष्ठा कशी टिकवावी, हा तो प्रश्न होय. शाळा द्विशिक्षकी असली तरी तो सुटत नाही. तेथील एकुलत्या एका सहशिक्षकाच्या दृष्टीने मुख्याध्यापक म्हणजेच सरकार असते.

हजेरीपटावर सही घेता येते. परंतु अडलेले जोडाक्षर मुलाला चौथ्यांदा समजावून सांगण्याची इच्छा सहीने मिळत नाही. ती शिक्षकाच्या मनातूनच यावी लागते. जेम्स पेरी व लॉइस वाइज या अमेरिकन अभ्यासकांनी 1990 साली या वृत्तीचा पद्धतशीर विचार मांडला. माणूस सरकारी नोकरीत केवळ वेतनासाठी राहत नाही. लोकहिताची तळमळ व दीनदुबळ्यांविषयीची कणव हीदेखील त्याला कामास प्रवृत्त करतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

मग देखरेख नको काय ? तसे मुळीच नाही. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रांवरील परिचारिकांच्या गैरहजेरीवर 2006 साली एक उपाय योजण्यात आला. तारीख व वेळ उमटविणाऱ्या यंत्रावर हजेरी नोंदवावयाची आणि गैरहजेरीबद्दल वेतन कापावयाचे, असा तो उपाय होता. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो व रेचल ग्लेनर्स्टर यांनी त्याची पाहणी केली. प्रारंभी हजेरी चांगली वाढली. पुढे मात्र वरिष्ठांकडून ‘सूट दिलेले दिवस’ वाढत गेले आणि सुमारे सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या व नसलेल्या उपकेंद्रांत फरक उरला नाही. यंत्र तेच होते. नियमामागे उभे राहणारे हात ढिले पडले. नियम एकाला लागू आणि दुसऱ्याला माफ, असे ज्या शाळेत घडते तेथे प्रामाणिक शिक्षकाचे मन प्रथम खचते. म्हणून हजेरीचा नियम सर्वांना सारखा असावा, आणि त्याचा आरंभ मुख्याध्यापकाने स्वतःपासून करावा.

परंतु एवढ्याने माणूस शाळेत येईल. त्याचे चित्त वर्गात रमेलच असे नाही. या बाबतीत इटलीतील एका सरकारी रुग्णालयातील प्रयोग बोधप्रद आहे. निकोला बेल्ले यांनी तो 2013 साली प्रसिद्ध केला. युद्धाची झळ पोहोचलेल्या प्रदेशात पाठवावयाचे शस्त्रक्रियेच्या साहित्याचे संच जुळविण्याचे काम 90 परिचारिकांनी केले. अशा मदतीचा लाभ झालेल्या माणसांची ज्यांना प्रत्यक्ष भेट घडली, त्यांचे काम इतरांहून सरस ठरले. ज्यांच्या ठायी मुळातच सेवाभाव अधिक होता, त्यांच्यावर या भेटीचा परिणामही अधिक झाला.

शिक्षकाला तर आपल्या कामाचे फळ रोज समोर दिसते, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. मुलाची प्रगती इतकी सावकाश होते की, रोज पाहणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. तीन इयत्तांना एकाच खोलीत शिकविणाऱ्याच्या तर नाहीच नाही. ती दाखवून देणे हे मुख्याध्यापकाचे काम आहे. एखाद्या मुलाची जूनमधील वही व दिवाळीनंतरची वही शेजारी शेजारी ठेवून सहकाऱ्याबरोबर पाहा. जे सुधारले असेल ते नेमक्या शब्दांत शेरेबुकात लिहा. ‘काम समाधानकारक’ या शेऱ्याने कोणाचेच समाधान होत नाही. पालकाने दोन चांगले शब्द काढले, तर ते त्या शिक्षकाच्या कानी घाला.

दुसरे काम अडथळे दूर करण्याचे. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांवर शिक्षकास नेमता येत नाही. शाळेची माहिती व तक्ते भरण्याचे काम यानंतरही उरतेच. ते एकाच तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडू नये. त्याची न्याय्य वाटणी करावी, आणि अध्यापनाच्या तासात त्याला कोणत्याही तक्त्यासाठी वर्गाबाहेर बोलावू नये.

माझी आपणांस एवढीच विनंती आहे : पुढील सभेस येताना प्रत्येकाने आपल्या एका सहकाऱ्याच्या वर्गातील अशा दोन वह्या बरोबर आणाव्यात, आणि त्या मुलाची प्रगती कशी झाली हे त्या शिक्षकाचे नाव घेऊन सभेत सांगावे.