गिटार ॲम्पच्या खर्जाला लगाम

व्हॉल्व्हवर चालणाऱ्या हाय-गेन गिटार ॲम्पमध्ये गिटारचा क्षीण सिग्नल एकामागून एक तीन-चार टप्प्यांतून वाढवला जातो. प्रत्येक टप्पा म्हणजे बहुधा १२एएक्स७ या जोडव्हॉल्व्हचा अर्धा भाग. पहिल्या टप्प्यात सिग्नल साफ असतो. पुढच्या टप्प्यांत तो व्हॉल्व्हच्या आवाक्याबाहेर जातो, त्याची शिखरे छाटली जातात आणि हेवी मेटलला हवी असलेली दाट, लांबणारी गर्जना तयार होते. या गर्जनेतला एक दोष वादकाला लवकरच खटकू लागतो. जाड तारांवर तळहाताची कड टेकवून जलद आघात केले, की ते सुटे ऐकू न येता सगळ्यांचा मिळून एक घुमणारा लगदा होतो. असा आवाज सैल. हात पडताच जो सुरू होतो आणि हात थांबताच थांबतो, तो टाइट. ढोल-ताशा पथकात ढोल नको तेवढा घुमत राहिला तर ताशाचे बोल बुडतात, तसेच इथे खर्जाखाली बाकीचे स्वर बुडतात.

याचे मूळ छाटणीतच आहे. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, सात तारांच्या गिटारची ६२ वर. ८२ हर्ट्झच्या स्वराबरोबर त्याचा पंचम घेतला, तर तो येतो १२३ वर. छाटणी करणारा टप्पा हे दोन स्वर नुसते मोठे करत नाही, त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वरही घडवतो. १२३ मधून ८२ गेले की उरतात ४१ हर्ट्झ, म्हणजे मूळ स्वराच्याही एक सप्तक खाली. एकच कॉर्ड लांबवताना हे भरदार वाटते. लय वाढली की मात्र हाच खालचा खर्ज पुढच्या प्रत्येक टप्प्याला आपल्या तालावर हलवतो आणि वरच्या स्वरांचा आकार बिघडवतो.

म्हणून सगळ्या दुरुस्त्यांमागचे तत्त्व एकच राहते: खर्ज छाटणीच्या आधी कमी करायचा आणि छाटणीनंतर हवा तेवढा परत भरायचा. मार्शल घराण्याच्या ॲम्पमध्ये बासचे बटण छाटणीच्या नंतर येते. ते कितीही मागे फिरवले तरी आधी झालेला गोंधळ निस्तरत नाही, फक्त हळू ऐकू येतो. गेन वाढवून तर तो आणखी पसरतो. टाइट आवाजासाठी गेन वाढवत नेणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत निरुपयोगी युक्ती आहे.

सोल्डरिंगची बंदूक हातात घेण्याआधी एक सोपी परीक्षा करता येते. आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ हे प्रसिद्ध पेडल १९७९ मध्ये आले. त्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी आहे. तिच्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली पेडलचा गेन उतरत जातो. ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून हे पेडल ॲम्पच्या आधी लावले, की ॲम्पमध्ये खर्ज तुलनेने कमी शिरतो. तेवढ्याने समाधान झाले तर ॲम्प उघडण्याचे कारण उरत नाही. आवाज सुधारला पण पेडल नको असेल, तर तेच काम ॲम्पच्या आत करावे.

पहिली जागा म्हणजे पहिल्या टप्प्याचा कॅथोड. तिथल्या रेझिस्टरला समांतर जोडलेला कपॅसिटर कोणत्या स्वरांना पूर्ण गेन मिळेल ते ठरवतो. फेंडरच्या अनेक ॲम्पमध्ये १.५ किलोओहमवर २५ मायक्रोफॅरड असतो, त्यामुळे गिटारचा सगळा खर्ज पूर्ण ताकदीने वाढतो. मार्शलचा शंभर वॉटचा २२०३ हा ॲम्प १९७५ मध्ये आला आणि १९८१ पासून जेसीएम ८०० या नावाने विकला गेला. त्यात या जागी २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरड आहेत. या जोडीमुळे सुमारे २३० हर्ट्झच्या वर गेन पूर्ण मिळतो, खाली तो उतरत जाऊन अगदी तळाशी निम्म्याहूनही कमी होतो. बदल एका कपॅसिटरचा, पण तो छाटणीच्या आधी होत असल्याने त्याचा परिणाम पुढच्या सगळ्या साखळीवर पडतो.

दुसरी जागा म्हणजे दोन टप्प्यांमधला कपलिंग कपॅसिटर. तो ०.०२२ मायक्रोफॅरडचा असेल आणि पुढे एक मेगाओहमचा रेझिस्टर असेल, तर खाली ७ हर्ट्झपर्यंतचे सगळे पुढे जाते. गिटारला त्याचा काहीच उपयोग नाही. ०.००२२ बसवला की सीमा ७२ हर्ट्झवर येते, ०.००१ बसवला की १५९ वर. या शेवटच्या निवडीत ८२ हर्ट्झचा स्वर निम्म्याहून किंचित खाली येतो, नाहीसा होत नाही.

या बदलाचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. जोरदार आघाताने व्हॉल्व्हची ग्रिड धन झाली, की तिच्यातून प्रवाह वाहतो आणि कपलिंग कपॅसिटरवर भार चढतो. चढतो क्षणात, उतरतो मात्र त्या एक मेगाओहममधून, सावकाश. तोवर व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहतो आणि पुढचा आघात गिळला जातो. ०.०२२ मायक्रोफॅरड आणि एक मेगाओहम यांचा गुणाकार २२ मिलिसेकंद. भार जवळजवळ पूर्ण उतरायला त्याच्या तिप्पट, म्हणजे ६६ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २०० ठोक्यांची लय आणि प्रत्येक ठोक्यात चार आघात धरले, तर दोन आघातांमध्ये फक्त ७५ मिलिसेकंद असतात. व्हॉल्व्ह सावरतो न सावरतो तोच पुढचा आघात येऊन पडतो. कपॅसिटर ०.००२२ चा केला की ६६ चे जेमतेम ७ होतात. म्हणजे टाइटपणा हा जितका स्वरांचा, तितकाच वेळेचा प्रश्न आहे. ग्रिडच्या तोंडाशी मोठा रेझिस्टर घातला तर हा प्रवाहही आवरतो.

पॉवर विभागाचा सैलपणा निराळा. रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर मोठ्या आघाताला व्होल्टेज खचते आणि आवाज मऊ पडतो. सिलिकॉन डायोड असतील तर ते बरेच टिकून राहते. मेसा बूगीच्या ड्युअल रेक्टिफायरमध्ये या दोहोंची निवड वादकावरच सोपवली आहे. जुन्या ॲम्पचे फिल्टर कपॅसिटर सुकले असतील तर आधी ते बदलावेत, नाहीतर बाकीची मेहनत वाया जाते. शेवटी पेटी: मागून बंद असलेला स्पीकर कॅबिनेट उघड्यापेक्षा घट्ट वाजतो, आणि त्यासाठी ॲम्पचा एक स्क्रूही काढावा लागत नाही.

मुंबईत या रॉक-मेटल संगीताची परंपरा आता जुनी झाली आहे. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा संगीत महोत्सव सुरू झाला, आणि २००० मध्ये डेमोनिक रेझरेक्शन हा मेटल बँड मुंबईतच उभा राहिला. पण मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरात सरावाची जागा म्हणजे सोसायटीतला फ्लॅट. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शंभर वॉटचा ॲम्प तिथे पुटपुटावाच लागतो. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून फ्लॅटमध्ये बास वाढवावासा वाटतो. तोच ॲम्प सभागृहात पूर्ण आवाजाला लावला की सगळे गढूळ होते. तेव्हा बदल करताना शेवटचा निवाडा रिहर्सल स्टुडिओत, ढोल-झांजांचा ड्रमसेट सोबत वाजत असतानाच करावा. घरात किंचित पातळ वाटणारा आवाज रंगमंचावर बहुधा बरोबर ठरतो.

इथल्या खाडी आणि समुद्राच्या दमट, खारट हवेत व्हॉल्व्हचे सॉकेट आणि जॅक गंजतात. ते साफ करणे हे पहिले काम. सुट्या भागांसाठी पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठता येतो. फिल्म कपॅसिटर ६३० व्होल्टचाच घ्यावा. अंगावर २२३ छापले असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरड, २२२ असेल तर ०.००२२, १०२ असेल तर ०.००१. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते; आज गिटार ॲम्पला लागणारे नवे व्हॉल्व्ह परदेशातून येतात.

अशा ॲम्पमध्ये साडेचारशे व्होल्ट आणि त्याहूनही अधिक डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरवर टिकून राहतो. हा धक्का जीव घेऊ शकतो. कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून, मीटरवर व्होल्टेज उतरल्याची खात्री करूनच आत हात घालावा. हे काम कधी केले नसेल तर जाणत्या तंत्रज्ञाकडेच द्यावे. स्पीकर किंवा लोड न जोडता ॲम्प कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. एका वेळी एकच भाग बदलावा, वाजवून ऐकावे, मगच पुढचा घ्यावा. काढलेले मूळ भाग जागेची नोंद लिहून पाकिटात जपून ठेवावेत; ॲम्प पुन्हा मूळ रूपात आणायचा झाला, किंवा विकायचा झाला, तर तेच लागतात.