मयणेचे सत्यवचन



चैत्र-आश्विनातील नवपद ओळीत शहापूर-मुरबाडचे आपण सारे श्रीपाळ-मयणासुंदरीची कथा ऐकतो. सुखदुःख स्वकर्मानेच लाभते, हे सत्य मयणेने राजपित्यासमोर निर्भयपणे सांगितले. क्रुद्ध पित्याने तिला कुष्ठरोगी उंबर राण्यास दिले. माझ्या सहवासाने तुझे रूप नासेल, परत जा, असे त्यानेही प्रांजळपणे सांगितले. तो राजपुत्र आहे, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. तरी तिने साथ सोडली नाही.

पुढे आपल्याच ठाण्यात धवल शेठने श्रीपाळास हीनकुलीन ठरविण्याचा कट रचला. सत्य प्रकटले, श्रीपाळाने त्यालाही क्षमा केली.

सोयरीक जुळविताना आपण दुकान, जमीन, घराणे आधी विचारतो. यापुढे शील आणि सचोटी आधी विचारू या.

जय जिनेंद्र!