लडाखच्या वाटेवर भेटलेले भाऊबंद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला माझ्या लडाखच्या प्रवासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी काही मोठा प्रवासी नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे खडू झिजविलेला मी एक साधा शिक्षक. फळ्यावर भारताचा नकाशा काढताना माथ्यावरचा तो प्रदेश मी तपकिरी खडूने भरीत असे आणि ‘येथे पाऊस फार थोडा पडतो’ एवढे एक वाक्य सांगून पुढे सरकत असे. परंतु या प्रवासात मला एक घर असे भेटले, की त्याची हकिकत सांगावयाची तर ती याच सभेत सांगितली पाहिजे. म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

२०२३ सालच्या जून महिन्यात मी, सौभाग्यवती आणि माझा एक पुतण्या असे तिघे निघालो. पुतण्याचे म्हणणे, विमानाने दोन तासांत लेहला उतरावे. मी म्हटले, मुलांना जो रस्ता नकाशावर बोटाने दाखविला तो एकदा पायाखालून, निदान चाकाखालून तरी जाऊ दे. श्रीनगरपासून लेहपर्यंत हा रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा आहे. पूर्वी घोडी व खेचरे घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांना याच वाटेवर पंधरवडा लागे. आम्ही मोटारीने पाच दिवस घेतले, आणि तेही पुतण्याला फार वाटले.

सोनमर्गपर्यंत देवदारांची हिरवी छाया असते. तेथून झोजीला हा घाट चढावयाचा. उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. १९४८ च्या नोव्हेंबरात आपल्या सैन्याने याच घाटावर रणगाडे चढवून लडाखची वाट मोकळी केली. आम्ही गेलो तेव्हा खाली बोगद्याचे काम चालू होते आणि वर चिखलात मालमोटारींची रांग लागली होती. एका बाजूला बर्फाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी. सौभाग्यवतींनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली, ती दोनदा पूर्ण झाली. घाट ओलांडला आणि झाडे संपली, ती जणू कोणी पाटी पुसावी तशी. जे पावसाचे ढग अलीकडच्या काश्मीर खोऱ्याला भिजवितात, त्यांतील फारच थोडे ही भिंत ओलांडू शकतात. लेहला वर्षभरात जेमतेम चार इंच पाऊस पडतो. छत्तीस वर्षे जे वाक्य मी पाठ म्हणत होतो, त्याचा अर्थ मला त्या दिवशी समजला.

द्रासला १९९९ च्या युद्धातील हुतात्म्यांच्या स्मारकास वंदन करून आम्ही कारगिलला मुक्काम केला. कारगिलच्या पुढे मुलबेख नावाचे गाव लागते. तेथे रस्त्याच्या कडेलाच एका उंच कातळावर मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, चतुर्भुज उभी मूर्ती कोरलेली आहे. येथपर्यंत वाटेवर मशिदी दिसत होत्या. येथून पुढे गोंपा, पांढरे स्तूप आणि मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती दिसू लागतात. या भिंती उजव्या हाताला ठेवून पुढे जावयाचे, ही आपल्या प्रदक्षिणेचीच रीत. आमचा मोटारचालक चाळिशीचा लडाखी गृहस्थ होता. तो मला ‘मास्टरजी’ म्हणे आणि रस्ता मोकळा असला तरी भिंतीच्या योग्य बाजूनेच गाडी नेई.

पुढे नमिकाला आणि मग फोतूला. फोतूला हा या मार्गावरील सर्वांत उंच घाट, जवळजवळ साडेतेरा हजार फूट. तेथे मी खाली उतरलो आणि पुतण्याला आपली ताकद दाखवावी म्हणून पताका बांधलेल्या टेकाडावर झपाझप चढून गेलो. त्या रात्री लामायुरूच्या मुक्कामी, जेथे आटलेल्या सरोवराची पिवळसर माती डोंगरउतारांवर वितळलेल्या मेणासारखी साचली आहे, माझे डोके घणाने ठोकावे तसे दुखू लागले. अन्नावरची वासना गेली. मी कोणास काही बोललो नाही. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशच उरतो आणि श्वासाबरोबर प्राणवायू तितकाच कमी मिळतो, हे पुस्तकात वाचून मी गेलो होतो. पण वाचलेले अंगास लागू आहे असे वाटत नाही. सौभाग्यवतींनी न विचारता ओळखले आणि पहाटे चालकाला उठविले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ‘मास्टरजी, पहले नीचे’ एवढेच म्हणून सामान गाडीत टाकले. सिंधूकाठी खालत्सेला, म्हणजे सुमारे दीड हजार फूट खाली उतरलो, तेव्हा दुपारपर्यंत मी माणसांत आलो. जे विमानाने एकदम साडेअकरा हजार फुटांवर उतरतात त्यांनी पहिले दोन दिवस अंथरुणातच काढावेत, असे तेथील डॉक्टर सांगतात. आपल्या तरुण मंडळींनी तीन दिवसांची सहल आखली आहे असे कानावर आले, म्हणून हे सांगितले. डोके दुखत असता लपविणारा मनुष्य बरोबरच्यांनाही संकटात घालतो. मी घातले होते.

या विश्रांतीत आमचे दिवस खर्च झाले आणि खारदुंगला घाटाचा बेत रद्द करावा लागला. पुतण्या खट्टू झाला. त्या घाटावरील पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली असे आणि लोक तिच्याखाली छायाचित्र काढीत. प्रत्यक्ष मोजणीत ती १७,५८० च्या आसपास भरते. पाटीवरचे आठशे फूट आपणांस मिळाले नाहीत, त्याचे दुःख करू नकोस, असे मी त्यास समजाविले. ते त्यास पटले नाही.

पण आता हाती एक मोकळा दिवस होता. चालकाशी बोलताना माझ्या तोंडून निघून गेले की, आमचे घराणे तांब्याची भांडी घडविणाऱ्यांचे. तो म्हणाला, ‘मग चिलिंग पाहिल्याशिवाय कसे जाल?’

बंधूंनो, लेहपासून पंधरा किलोमीटरांवर शे नावाचे गाव आहे. तेथील जुन्या राजवाड्याच्या आवारात शाक्यमुनी बुद्धाची सुमारे चाळीस फूट उंचीची बैठी मूर्ती आहे. ती एकाहून अधिक मजले व्यापते. पायांशी एका मजल्यावर आणि मुखाशी दुसऱ्या मजल्यावर जाऊन दर्शन घ्यावे लागते. ही मूर्ती तांब्याच्या पत्र्यांची, ठोकून घडविलेली व वर सोन्याचा मुलामा दिलेली आहे. सतराव्या शतकात, आपल्याकडे शिवकाल चालू असता, राजा देल्दन नामग्याल याने ती आपले वडील सेंगे नामग्याल यांच्या स्मरणार्थ करविली. कारागीर नेपाळातून आणविले होते. पत्रे जेथे ठोकले, त्या लेहमधील भागास आजही झांगस्ती म्हणतात. ‘झांग्स’ म्हणजे तांबे. काम संपल्यावर ते कारागीर परत गेले नाहीत. झांस्कर नदीच्या काठी चिलिंग येथे त्यांना वसविण्यात आले आणि तेथील तांबट आपणांस त्यांचेच वंशज मानतात. पेशवाईत कोकणातून पुण्यास येऊन वसलेल्या आपल्या पूर्वजांची कथा याहून कितीशी वेगळी आहे?

निमू येथे झांस्कर नदी सिंधूस मिळते. तेथून झांस्करच्या कडेने उघड्या, जांभळट डोंगरांतून आम्ही वर गेलो. चिलिंग म्हणजे जर्दाळूची झाडे, जवाची चार शेते आणि थोडी घरे. पण आमच्या चालकाने गाडी थांबविली आणि मला तो आवाज ऐकू आला. तांबट आळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना कोणता ते सांगावयास नको.

घरधनी सत्तरीचे असावेत. आम्ही ‘जुले’ म्हटले, त्यांनी ‘जुले’ म्हटले आणि हातातील काम न थांबविता बसावयास सांगितले. एक पळी घडत होती. कातड्याचा भाता, लहानशी भट्टी, जमिनीत रोवलेला लोखंडी खुंटा. ठोकून ताठर झालेला पत्रा पुन्हा लाल करावयाचा, पाण्यात घालून नरम करावयाचा आणि पुन्हा ठोकावयाचा. अगदी आपल्यासारखेच. फरक एवढाच की, त्या देशात जळण म्हणजे शेण आणि झुडपे. कोळशाचा तुकडाही चिमट्याने वेचून घ्यावा लागतो. सौभाग्यवती घरच्या बाईंबरोबर स्वयंपाकघरात गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, ‘आपल्या आजेसासूबाईंची मांडणी पाहिल्यासारखे वाटले.’ भिंतभर फळ्यांवर तांब्यापितळेच्या चहादाण्या, परात्या, पळ्या घासून लावलेल्या होत्या. रोजचा चहा मात्र ॲल्युमिनियमच्या किटलीत आला.

एक गोष्ट येथेच सांगतो. बुद्धाच्या त्या देशातही लोहार आणि वाजंत्री यांना पंक्तीत खालच्या बाजूस, दाराजवळ बसविण्याची चाल आहे. ऐकून वाईट वाटले. पण आपल्याच गावच्या पंगती आठवल्या आणि मी गप्प राहिलो.

चालकाने त्यांना माझे घराणे सांगितले असावे, कारण म्हातारेबुवांनी हातोडा माझ्यापुढे धरला. मी घेतला आणि पळीच्या वाटीवर ठोका दिला. मठाराचा ठोका कसा खणखणीत पडतो हे आपण जाणता. माझा बद्द पडला आणि पत्र्यास खोच आली. त्यांनी माझा तळवा उघडून अंगठ्याने चाचपला आणि काहीतरी म्हणाले. चालक सांगावयास कचरला. मग म्हणाला, ‘ते म्हणतात, हा हात लिहिणाऱ्याचा आहे.’ पुढे ते आपल्या मुलाबद्दल बोलले. तो लेहमध्ये टॅक्सी चालवितो, हिवाळ्यात घरी येतो, तेव्हा थोडे ठोकतो. आणि मग त्यांनी मला विचारले, ‘तुमच्या वडिलांचे हातोडे आता कोणाकडे आहेत?’

त्यांना मी ‘घरी आहेत’ असे सांगितले. परक्या देशात, परक्या भाषेत, ते सोपे होते. येथे सोपे नाही. १९९४ साली वडील वारले. त्यानंतर खोली रिकामी करताना त्यांचे सर्व हातोडे, खुंटे आणि आजोबांचा घण मी मोडीत, वजनावर घातले. मला तेव्हा शाळेची वेळ गाठावयाची होती; हातगाडीवाला दाराशी उभा होता; भाव काय आला तेही मी नीट पाहिले नाही. काही वर्षांपूर्वी मंडळाने जुन्या अवजारांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा आमच्या घरच्या अवजारांविषयी विचारणा झाली होती. ‘शोधली, सापडत नाहीत,’ असे मी कळविले. ते खरे नव्हते. त्याबद्दल मंडळाची व वडीलधाऱ्यांची मी क्षमा मागतो.

२०२४ साली निमू–पदुम–दारचा हा रस्ता जोडला गेल्याचे वृत्त मी वाचले. पूर्वी हिवाळ्यात लोक झांस्करच्या गोठलेल्या पात्रावरून चालत जात. आता चिलिंगच्या दारावरून मोटारी जातील. त्या मुलाच्या टॅक्सीला काम वाढेल. भट्टीला वाढेल की नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

ज्यांच्या माळ्यावर अद्याप अवजारे असतील त्यांनी आपली नावे जेवणापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत. सोडवून घ्यावयास व साफ करावयास मी स्वतः येईन. ती पळी मी विकत घेतली, ती दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. म्हातारेबुवा माझी खोच ठोकून सारखी करणार होते. मी ती तशीच राहू द्या म्हटले. वाटीच्या डाव्या बाजूस, दांड्याच्या जरा खाली, बोट फिरविले तर लागते.