'आयाराम-गयाराम' : एका शब्दाची कुळकथा



'आयाराम-गयाराम' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत इतका रुळला आहे की, तो एका हाडामांसाच्या माणसावरून आला याचे स्मरण फारसे कोणाला उरलेले नाही. त्या माणसाचे नाव गयालाल. १९६७ साली हरियाणातील हसनपूर या राखीव मतदारसंघातून ते अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य जन्मास आले. पहिल्याच निवडणुकीत ८१ पैकी ४८ जागा काँग्रेसला, १२ जनसंघाला आणि १६ अपक्षांना मिळाल्या. १० मार्च १९६७ रोजी भगवतदयाळ शर्मा मुख्यमंत्री झाले. परंतु स्पष्ट बहुमत असूनही ते मंत्रिमंडळ दोन आठवडे टिकले नाही. विधानसभा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सरकारचा उमेदवार पडला, काँग्रेसचे आमदार फुटले आणि २४ मार्चला राव बीरेंद्रसिंह मुख्यमंत्री झाले.

त्याच वर्षी गयालाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा बाजू बदलली. काँग्रेसमधून संयुक्त आघाडीत, तेथून पुन्हा काँग्रेसमध्ये आणि अवघ्या नऊ तासांत परत आघाडीत! राव बीरेंद्रसिंह यांनी त्यांना चंदीगडला पत्रकारांसमोर आणून, 'गयाराम' आता 'आयाराम' झाल्याचे जाहीर केले. विनोद देशभर गेला. हरियाणाच्या वाट्याला मात्र २१ नोव्हेंबर १९६७ रोजी राष्ट्रपती राजवट आली. मतदाराने दिलेला कौल एका वर्षाच्या आत मातीमोल झाला.

गयालाल यांचा प्रवास तेथे थांबला नाही. १९७२ मध्ये आर्य सभा, १९७४ मध्ये लोकदल, १९७७ मध्ये जनता पक्ष आणि १९८२ मध्ये पुन्हा अपक्ष, अशी त्यांची वाटचाल झाली. १९७७ च्या लाटेत ते विजयीही झाले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

परंतु एका गयालाल यांना हसून मोकळे होणे सोपे आहे. मार्च १९६७ पासूनच्या १२ महिन्यांत देशात किमान ४३८ पक्षांतरे झाली. सात राज्यांतील २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली. विकणारा होता, कारण घेणारा थैली उघडून बसला होता. दोष एकट्या विक्रेत्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

यावर उपाय सुचविण्यासाठी तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. कायदा मात्र १९८५ मध्ये, ५२ व्या घटनादुरुस्तीने झाला. त्यानुसार निवडणुकीनंतर पक्षात शिरणारा अपक्ष सदस्य अपात्र ठरतो. म्हणजे गयालाल यांचे पहिलेच पाऊल आज त्यांना सदनाबाहेर नेणारे ठरले असते. अटलजींच्या कार्यकाळात, २००३ मध्ये, ९१ व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची पळवाट बुजविली आणि मंत्रिमंडळाच्या आकारावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. तरीही दोनतृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाचे दार उघडे आहे आणि निर्णयास कालमर्यादा नाही. महाराष्ट्रात जून २०२२ मधील अपात्रतेच्या अर्जांचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला.

तेव्हा कायदा कुंपण घालू शकतो, निष्ठा पेरू शकत नाही. १९५० च्या दशकात जहागिरदारी निर्मूलनास विरोध करणारे आपलेच आमदार जनसंघाने राजस्थानात पक्षाबाहेर काढले. मूठभर आमदारांच्या पक्षाला ती किंमत मोठी होती. पण घोषित धोरणापुढे संख्याबळ गौण मानले गेले.

कार्यकर्त्याने ही कसोटी विसरू नये. दुसऱ्याच्या घरातून निघालेला तो गयाराम आणि आपल्या दारी आला की तो सन्माननीय, असा दुटप्पी न्याय चालणार नाही. येणाऱ्यास प्रवेशापूर्वी एकच प्रश्न विचारावा : विचार पटला म्हणून आलात, की वारा फिरला म्हणून? उत्तर पारखण्याचे धैर्य ज्या संघटनेत असेल, तिलाच पक्षांतरावर बोट ठेवण्याचा अधिकार राहील.